चार्ज आणि सँक्शन

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबात भाषांची एक निराळीच वाटणी झालेली असते. जयपुरात दहा-बारा वर्षे काढलेल्या घरात भाजीवाल्याशी हिंदी, कचेरीतल्या फायलीवर हिंदी व इंग्रजी, देवघरात संस्कृत आणि जेवणाच्या पानावर मराठी असा चौपदरी व्यवहार बिनबोभाट चालू असतो. प्रत्येक भाषेला तिचे क्षेत्र नेमून दिलेले असते आणि शब्द सहसा आपली हद्द ओलांडीत नाहीत. परंतु दोन इंग्रजी शब्दांना मात्र कोणतीच हद्द मानवत नाही. ‘चार्ज’ आणि ‘सँक्शन’ हे ते दोन शब्द. बदलीच्या गावी आपण चार्ज घेतो, रजा सँक्शन होते, घरबांधणीचा ॲडव्हान्स सँक्शन होत नाही. “यांनी परवाच चार्ज घेतला” असे गृहिणी सहज सांगते आणि सातारा-सांगलीकडच्या सासूबाईंना त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

या दोन शब्दांचे परस्परांशी काही नाते नाही. एक बाजारातून आणि रस्त्यावरून आलेला आहे, दुसरा देवळातून आणि न्यायासनाजवळून. पण दोघांतही एक चमत्कारिक गुण आहे. त्यांच्या पोटात एकमेकांविरुद्ध भासणारे अर्थ सुखाने नांदतात. चार्ज म्हणजे सोपविलेला अधिकार आणि चार्ज म्हणजे ठेवलेला आरोप. सँक्शन म्हणजे परवानगी आणि सँक्शन म्हणजे शिक्षा. सकाळी ज्या शब्दाने माणसाला खुर्ची मिळते त्याच शब्दाने संध्याकाळी ती जाते, हा केवळ भाषेचा खेळ आहे, की कर्तव्याविषयीचे एखादे सत्य त्यात अडकून राहिलेले आहे, याचा विचार करावा असे वाटते.

प्रथम चार्ज. याचे अर्थ मोजू लागलो तर दोन्ही हातांची बोटे अपुरी पडतील. कार्यभार, आरोप, शुल्क, विजेचा भार, तोफेत ठासलेली दारू, घोडदळाने शत्रूवर केलेली चाल, पोलिसांचा लाठीमार, आणि कुणाच्या तरी स्वाधीन केलेले पोरके मूल, इतके सारे त्यात सामावते. मुळाशी गेले म्हणजे हा पसारा आवरतो. गॉल लोकांकडे चाकांच्या गाड्याला जो शब्द होता तो रोमनांनी उचलला. त्यावरून पुढे गाड्यात माल भरण्याचे क्रियापद झाले. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आले. मोटारीला ‘कार’ म्हणतात तो याच कुळातला शब्द आणि जहाजावरचा ‘कार्गो’ही त्यातलाच. व्यंगचित्राला इंग्रजीत ‘कॅरिकेचर’ म्हणतात तेही मूळचे ‘भारलेले’ चित्र, म्हणजे नाकावर किंवा मिशीवर वाजवीपेक्षा अधिक वजन टाकलेले. बंदुकीत दारू भरली की ती चार्ज झाली. बेंजामिन फ्रँकलिन अठराव्या शतकात काचेच्या बरणीत वीज साठवू लागला तेव्हा त्यानेही तोच शब्द वापरला. गिऱ्हाइकाच्या खात्यावर रक्कम चढविली तर ती चार्ज, माणसाच्या खांद्यावर काम चढविले तर तो चार्ज, आणि त्याच खांद्यावर दोष चढविला तर तोही चार्ज.

म्हणजे सगळीकडे क्रिया एकच आहे. कुणीतरी कुणावर तरी ओझे ठेवीत आहे. आपल्या ‘आरोप’ शब्दाची घडणही हुबेहूब अशीच आहे. रुह् या धातूवरून, वर चढविणे, वर ठेवणे असा त्याचा मूळ अर्थ. वृक्षारोपणातले आरोपण तेच आणि कुंडीतले रोप त्याच घरातले. वेदान्ती लोक दोरीवर सापाचा अध्यारोप करतात तो ह्याच आरोपाचा थोरला भाऊ. कार्यभारातला भारही वाहण्याच्या धातूपासून निघाला आणि गंमत अशी की ‘भृत्य’ हा सेवकवाचक शब्दही त्याच धातूचा. ज्याचा भार धन्याने वाहावयाचा तो भृत्य. धन्याने आपला भार वाहावा आणि आपण कामाचा वाहावा असा हा परस्परांचा करार आहे.

येथवर आल्यावर उत्साहाने असे म्हणावेसे वाटते की, पाहा, भाषेला सगळे आधीच कळलेले होते! पण येथे जरा थांबले पाहिजे. एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत एवढ्यावरून त्या दोन अर्थांत काही गूढ ऐक्य आहे असे ठरत नाही. कित्येकदा तो निव्वळ अपघात असतो. याचे उत्तम उदाहरण जयपूरकरांच्या दारातच आहे. जंतरमंतरातल्या सम्राट यंत्राच्या सावलीवरून जे गणित करावयाचे त्यात ‘ज्या’ लागते, म्हणजे धनुष्याची दोरी. तिलाच जीवा असेही म्हणत. हा शब्द अरबांनी ‘जीब’ असा घेतला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि वाचणारास ओळखीचा शब्द दिसला की तो तसाच वाचतो. त्यामुळे पुढे कुणीतरी तो ‘जैब’ असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राचा छातीवरचा घोळ. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्या घोळाचे इमानाने भाषांतर ‘सायनस’ असे केले, त्याचे इंग्रजीत ‘साइन’ झाले, आणि आजही महाविद्यालयातला विद्यार्थी कोनाची ‘साइन’ काढतो तेव्हा धनुष्याच्या दोरीऐवजी अंगरख्याचा घोळ मोजीत असतो. डॉक्टर ज्या सायनसचे औषध देतात तो शब्द हाच. आणि जोहरी बाजारात आपल्या ज्या ‘जेबे’ला कात्री लागते तीही ह्याच अरबी घोळातून आलेली. आता भूमिती, नाकाची पोकळी आणि खिसा यांत कोणी तात्त्विक एकता शोधू लागला तर त्याला हात जोडावे हेच बरे.

सवाई जयसिंहाच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय म्हणून ओळखले जातात. त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे ज्योतिष अरबीवरून संस्कृतात आणले. म्हणजे या नगरीत परभाषेतल्या शब्दांशी झुंजणारा मराठी माणूस आजचा नव्हे, पावणेतीनशे वर्षांहून अधिक जुना आहे.

तेव्हा कसोटी अशी लावावी की, दोन अर्थांची गाठ वाचण्याच्या चुकीने पडलेली आहे, की एकाच कल्पनेला कालांतराने दोन फांद्या फुटल्या आहेत? चार्जचे अर्थ दुसऱ्या प्रकारचे आहेत हे उघड आहे. सँक्शनचे?

लॅटिनमध्ये पवित्र करणे, अनुल्लंघनीय करणे अशा अर्थाचे एक क्रियापद होते. संताला इंग्रजीत ‘सेंट’ म्हणतात तो त्याच कुळातला शब्द. रोमन कायद्यात सँक्शन हे कायद्याच्या एका विशिष्ट भागाचे नाव होते. कायदा मोडणाऱ्यास काय दंड होईल हे ज्या कलमात सांगितलेले असे ते कलम म्हणजे सँक्शन, जस्टिनियनच्या इ. स. ५३३ च्या संहितेत हे स्पष्ट सांगितलेले आहे. म्हणजे आपल्याला जो अर्थ अपवादात्मक वाटतो तो शिक्षेचा अर्थच थोरला. पुढे राजाने गंभीरपणे केलेल्या कोणत्याही निर्णयाला, कराराला दिलेल्या शिक्कामोर्तबाला तो शब्द लागू लागला. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १७१३ साली आपल्या वारसाहक्काविषयी जी आज्ञा काढली तिचे नाव ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ असेच आहे. शिक्कामोर्तबावरून मान्यता आणि मान्यतेवरून परवानगी हा उतार सोपा होता. बेंथॅमने १७८९ मध्ये माणसाला वळण लावणाऱ्या चार सँक्शनांची चर्चा केली: निसर्गाचे, राज्याचे, लोकमताचे आणि धर्माचे. त्याच्या मनात परवानगी नसून सुखदुःखाचा धाक होता. १९३५ साली इटलीने अबिसीनियावर स्वारी केली तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर जी आर्थिक बंधने लादली त्यांनाही सँक्शन हेच नाव मिळाले. ‘सरकारचे सँक्शन’ एवढेच शब्द इंग्रजी वर्तमानपत्राच्या मथळ्यात वाचले तर आनंद मानावा की भ्यावे, हे खालची बातमी वाचल्याखेरीज कळत नाही.

या साऱ्यात समान काय? माझ्या मते समान गोष्ट एवढीच की, सत्ता येथे स्वतःला बांधून घेते. परवानगी देणारा म्हणतो, याच्या पाठीशी मी आहे. शिक्षेची तरतूद करणारा म्हणतो, याच्या आड जो येईल त्याच्यासमोर मी आहे. दोन्ही ठिकाणी ‘मी’ आहे. सँक्शन म्हणजे नुसते ‘हरकत नाही’ नव्हे. हरकत नसणे ही उदासीनता झाली. सँक्शनमध्ये देणाऱ्याचे काहीतरी पणाला लागलेले असते, निदान मुळात लागलेले होते.

आता हे शब्द आपण आपल्या भाषेत कसे आणले ते पाहावे. राज्यकारभारासाठी शब्द घडविण्याचा मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या नाद आहे. शिवकाली रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोशा’त सुमारे चौदाशे फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, बडोद्यास सयाजीराव महाराजांनी अनेक भाषांतले कारभारी शब्द एकत्र करून ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ १९३१ साली प्रसिद्ध करविला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा भाषा संचालनालय स्थापन झाले. या उद्योगाविषयी मला आदर आहे. परंतु कोशकाराचा धर्म असा की एका अर्थाला एक शब्द असावा, संदिग्धता राहू नये. त्यामुळे चार्जचे कार्यभार, आरोप, आकार आणि प्रभार असे चार सुटे तुकडे झाले. सँक्शनचे मंजुरी, शास्ती आणि निर्बंध असे तीन झाले. विजेच्या बिलातला ‘स्थिर आकार’ आणि निलंबनाच्या आदेशातला ‘दोषारोप’ यांची आता ओळखदेखील उरली नाही. हिंदीने तर विजेच्या चार्जला ‘आवेश’ म्हणून मौजच केली आहे. जयपुरातल्या शाळेत जाणारा मराठी मुलगा इलेक्ट्रॉनला ऋण आवेश असतो असे घोकू लागला की घरच्यांना त्या बिचाऱ्या कणाला राग कशाचा आला असावा असा प्रश्न पडतो.

सोय झाली हे खरे. न्यायालयात आणि कचेरीत शब्द नेमकाच हवा. तथापि शब्द फुटला की त्याच्या आतला सांधा दिसेनासा होतो. आणि नवल असे की, कोशकारांचा हात जेथे पोहोचला नाही तेथे मराठीने हेच सांधे स्वतःच्या बळावर राखून ठेवलेले आहेत.

‘जबाबदारी’ घ्या. जबाब धारण करणे असा तिचा अक्षरार्थ आहे. एखाद्याने जबाबदारी घेतली म्हणजे त्याचा गौरव झाला. एखाद्याला जबाबदार धरले म्हणजे त्याची धडगत नाही. आणि चौकीवर पोलीस नोंदवितात तोही जबाबच. चार्जचा सारा दुहेरीपणा ह्या एका शब्दात आहे. हिंदीत याचे दोन शब्द झाले: काम अंगावर घेणे ती ज़िम्मेदारी आणि त्याचे उत्तर देणे ती जवाबदेही. राजस्थानात १९९४ पासून गावोगाव जनसुनवाया झाल्या, हजेरीपट आणि पावत्या चारचौघांत वाचून दाखविल्या गेल्या, त्यातून २००० साली राज्याचा आणि २००५ साली देशाचा माहिती अधिकाराचा कायदा आला. पुढे २०१५ च्या डिसेंबरात निघून शंभर दिवस राज्यातले सारे जिल्हे हिंडलेल्या यात्रेने मागणी केली ती जवाबदेहीच्या कायद्याची. ज़िम्मेदारी कुणाची हे कागदावर होतेच. हवे होते ते उत्तर. आपल्या मराठीत ही मागणी नीट मांडताच येणार नाही, कारण आपल्याकडे जबाबदारीतच जबाब गृहीत आहे. गृहीत असणे आणि मिळणे यांत अंतर आहे, हा भाग वेगळा.

सँक्शनला मराठीत तोडीस तोड असा शब्द ‘शासन’. ताम्रपटावर कोरलेले राजाचे दान ते ताम्रशासन. मंत्रालयात बसते ते महाराष्ट्र शासन. आणि गुन्हेगाराला घडवावयाचे तेही कडक शासन. शिकविणे, आवरणे आणि शिक्षा करणे हे तिन्ही शास् या एकाच धातूचे अर्थ आहेत. शिष्य आणि शास्ती हे त्याच घरचे. जस्टिनियनच्या पंडितांना हा शब्द दाखविला असता तर त्यांनी मान डोलावली असती.

आणि तिसरा शब्द ‘मंजूर’. हा मला सर्वांत बोलका वाटतो. अरबीतल्या नजर ह्या शब्दाचे हे भूतकालवाचक रूप आहे. मंजूर म्हणजे पाहिलेले. ज्यावर नजर पडली आहे ते मंजूर. पत्राच्या कोपऱ्यात साहेब ‘पाहिले’ लिहून आद्याक्षरी करतात तेव्हा ते फारच थोडे म्हणत आहेत असे आपल्याला वाटते. आणि ‘मंजूर’ लिहितात तेव्हा पुष्कळ. व्युत्पत्ती विचारली तर दोन्ही वेळा त्यांनी एकच विधान केलेले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चार्ज आणि सँक्शन ही आपल्या कारभाराची दोन टोके आहेत आणि बहुधा ती दोन निरनिराळ्या माणसांच्या हाती असतात. चार्ज खाली असतो, सँक्शन वर. गुदामाचा, शाळेचा, दवाखान्याचा, पुलाचा चार्ज कनिष्ठाकडे; त्याला लागणारी प्रशासकीय, वित्तीय आणि तांत्रिक मंजुरी पायरीपायरीने वरिष्ठांकडे. २५ जुलै २०२५ रोजी झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छत कोसळले आणि सात मुले दगावली. शाळेतल्या शिक्षकांना तातडीने निलंबित करण्यात आले. त्या प्रकरणात दोष कुणाचा हे ठरविणे चौकशीचे काम आहे, या लेखाचे नव्हे. पण कोणत्याही सरकारी शाळेविषयी एक गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे: किल्ली, घंटा आणि हजेरीपट ज्याच्या चार्जमध्ये असतो त्याला छपराची दुरुस्ती स्वतःच्या सहीने करविता येत नाही. अपघात झाला म्हणजे मात्र ‘चार्ज’चा दुसरा अर्थ प्रथम त्याच्याकडेच धावतो. शब्द एकच असल्यामुळे त्याला वाट शोधावी लागत नाही.

हा प्रकार आपल्याकडचाच आहे असेही नाही. १८५४ साली बॅलक्लाव्हा येथे इंग्रजांच्या हलक्या घोडदळाने तोफांच्या तोंडी चार्ज केला. आज्ञा लॉर्ड रॅग्लनची, ती नेऊन पोहोचविली कॅप्टन नोलनने, पुढे दिली लॉर्ड ल्यूकनने आणि अंमलात आणली लॉर्ड कार्डिगनने. आज्ञा संदिग्ध होती. मागाहून चार्ज कुणावर ठेवावयाचा याविषयी वर्षानुवर्षे वाद चालला आणि ज्याला आज्ञेचा अर्थ नेमका काय ते सांगता आले असते तो नोलन पहिल्याच माऱ्यात पडला होता.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या कायद्यात एका विशेष सँक्शनला फार महत्त्व आहे. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला भरावयाचा तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७ ते हेच. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम २१८ झाले आणि १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी दिली असे समजावे अशी भर त्यात पडली. राजस्थानात यालाच ‘अभियोजन स्वीकृति’ म्हणतात. म्हणजे चार्ज ठेवण्यासाठी सँक्शन! ज्या शब्दाचा जन्मार्थ शिक्षेचे कलम असा होता तो येथे शिक्षेच्या वाटेवरचा दरवाजा झाला. जयपुरात २०१७ च्या सप्टेंबरात निघालेल्या अध्यादेशाने हा दरवाजा आणखी अलीकडे आणला. मंजुरीवाचून चौकशीचा आदेशही नको, तोवर आरोपित अधिकाऱ्याचे नावही छापावयाचे नाही, छापल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. मंजुरीला मुदत १८० दिवसांची. ऑक्टोबरात विधेयक विधानसभेत आले, गदारोळ झाला, ते प्रवर समितीकडे गेले, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ते मागे घेत असल्याची घोषणा झाली. ‘राजस्थान पत्रिके’ने निषेधादाखल अग्रलेखाची जागा एक दिवस कोरी सोडली होती.

हे संरक्षण सर्वस्वी अन्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. ज्याने कधी ठेकेदाराचे बिल अडविले आहे त्याला खोटी फिर्याद म्हणजे काय ते माहीत असते. सरळ मनाने केलेल्या निर्णयाबद्दल दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या तर शहाणी माणसे निर्णय घेण्याचेच सोडतील, आणि निर्णय न घेतल्याबद्दल कुणावर खटला होत नाही. पण कायद्याचे संरक्षण हे बाहेरून येणाऱ्या आरोपापासून असते. प्रश्न आतल्या भाराचा आहे, आणि तो असा: मी सही केली, बदली होऊन गेलो, आणि पाच वर्षांनी त्या सहीतून काही वाईट उद्भवले, तर ते माझे का माझ्या जागी बसलेल्याचे?

आपल्या दर्शनकारांनी ह्या प्रश्नाला दोन सुंदर नावे देऊन ठेवली आहेत: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेले कर्म फळ न देता लोपणे हा एक दोष आणि न केलेल्याचे फळ अंगावर येणे हा दुसरा. सारे काही क्षणोक्षणी नवे होते असे मानणाऱ्या बौद्धांवर वैदिक आणि जैन तार्किकांनी हे दोन दोष लावले. करणारा क्षण निराळा आणि भोगणारा निराळा, तर न्याय कसला? बौद्धांचे उत्तर असे की क्षण निराळे असले तरी प्रवाह एक आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच नसते, पण निराळीही नसते.

बदल्यांनी चालणारी नोकरशाही ही पक्की क्षणिकवादी आहे. तीन वर्षांचा एक क्षण, मग दुसरा अधिकारी. मंजुरी देणारा गेला की त्याच्या कृताचा नाश. नवा आला की त्याच्यावर अकृताचा अभ्यागम. कचेरीचेही उत्तर बौद्धांसारखेच आहे: माणूस बदलला तरी पद अखंड आहे. हे उत्तर मला चार्जपुरते पूर्णपणे पटते. चार्ज हा प्रवाह आहे. तो घेताना आपण किल्ल्या, रोकड, जडवस्तूंची यादी आणि प्रलंबित फायली घेतो, आणि त्यांबरोबर पूर्वसूरींनी करून ठेवलेले गोंधळही घेतो. बापाचे घर घेणाऱ्याने बापाचे कर्जही घ्यावे तसे ते आहे. “हे माझ्या आधीचे आहे” हे वाक्य चार्ज घेतलेल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. पहिल्या महिन्यात फार तर क्षम्य आहे.

सँक्शनचे तसे नाही. ती स्थिती नसून कृती आहे. एका दिवशी, एका माणसाच्या नजरेखालून एक कागद गेला आणि त्याने म्हटले, पाहिले. ही नजर पुढच्याला देता येत नाही. चार्ज सोपविता येतो. सँक्शन नुसते देता येते, सोपविता येत नाही. पदाचा प्रवाह कितीही अखंड असो, पाहणारे डोळे त्या प्रवाहाचे नव्हते. त्यामुळे चार्ज दिल्यावर आपण मोकळे झालो असे जे आपल्याला वाटते ते अर्धेच खरे असते. गाडा दुसऱ्याच्या हाती गेला. आपण ज्यावर डोळे ठेवले होते ते आपल्याबरोबर आले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. वर बसलेला माणूस दिवसाला शेकडो कागदांवर सह्या करतो. त्या प्रत्येकातून पुढे काय फुटेल याचा भार त्याने जन्मभर वाहावा काय? असे झाले तर तो वेडा होईल. मला वाटते, मंजूर या शब्दातच या आक्षेपाचे उत्तर आहे. पुढे घडणाऱ्या सगळ्याची हमी त्याने दिलेली नाही. आपण पाहिले एवढीच ग्वाही दिली आहे. पूर वीस हात आला आणि पूल गेला, यात मंजुरी देणाऱ्याचा दोष नाही. पुलाचा नकाशा न उघडता त्याने सही केली असेल तर मात्र पूर न येताही दोष आहे. त्या दोषाला दुर्घटनेची वाट पाहावी लागत नाही, आणि दुर्घटना न झाल्याने तो पुसलाही जात नाही. सहीच्या क्षणीच तो पुरा झालेला असतो. बेंथॅमला हे पटले नसते, कारण त्याला परिणामाखेरीज दुसरे माप ठाऊक नव्हते.

केंद्रीय निवृत्तिवेतनाच्या नियमांत याविषयी एक मजेदार हिशेब आहे. सेवानिवृत्त झालेल्या माणसावर विभागीय कारवाई नव्याने सुरू करावयाची असेल तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये, आणि त्या कारवाईला राष्ट्रपतींची मंजुरी लागते. नियमाला कोठेतरी रेघ ओढावीच लागते; चार वर्षे ही रेघ वाईट नाही. पेन्शन घेऊन पुण्याला किंवा नाशिकला परतलेली मंडळी ती चार वर्षे बोटांवर मोजतात असे ऐकतो.

चार्ज देण्याघेण्याचा जो छापील नमुना आहे त्यात पूर्वाह्न की अपराह्न, इतकी बारीक चौकशी असते. रोख किती, शिक्के किती, कपाटाच्या किल्ल्या किती, सारे लिहावे लागते. ‘मी दिलेल्या आणि अजून ज्यांचा शेवट दिसलेला नाही अशा मंजुऱ्या’ असा रकाना त्यात नाही. मला वाटते, जाणाऱ्या अधिकाऱ्याने एका निराळ्या कागदावर अशा दहा-बारा मंजुऱ्या लिहून येणाऱ्याच्या हाती द्याव्यात: कोणती नीट पाहून दिली, कोणती घाईत दिली, कोणत्या ठिकाणी मनात शंका असूनही टिपणी पुढे सरकविली, आणि खाली आपला नवा पत्ता द्यावा, म्हणजे काही विचारावयाचे झाल्यास विचारता येईल. असा कागद कोणत्याही नियमात बसत नाही, हे वाचकांपैकी नियम जाणणारे लगेच सांगतील. बसत नाही खरा. तो अर्धशासकीय पत्र म्हणून धाडावा. त्याला कुणाचे सँक्शन लागत नाही.